मीठ मागू नये

मुंबई शहरातल्या समस्त खाणाऱ्या नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, दिवाळीनंतरच्या एका बुधवारी, भर दुपारी, डिलाईल रोडवरच्या एका चाळीच्या तळमजल्यावर, बांगड्याच्या तिखल्यातलं मीठ नाहीसं झालं. पोलिसांत तक्रार झाली नाही. वर्तमानपत्रात काही आलं नाही. साक्षीदार होते मोजकेच, आणि त्यांतला एक मी.

पहिला घास तोंडात होता. मिरची आली, तिरफळ आलं, कोकमाचा आंबटपणा आला आणि सगळे येऊन मुख्य पाहुण्याची वाट बघत उभे राहिले. पाहुणा आलाच नाही. मीठ मागायला मी तोंड उघडलं, आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. समोरच्या भिंतीवरची पाटी दिसली, पिवळ्यावर लाल अक्षरं: 'मीठ मागू नये'. आणि टेबलाखाली कोणीतरी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

समोरचे उंच, हाडकुळे गृहस्थ माझ्याकडे बघतही नव्हते. मान खाली घालून भात कालवत होते. पण त्यांचा डावा हात टेबलावरून सरपटत आला, माझ्या ताटाशेजारी एक डबी ठेवून परत गेला. औषधाच्या गोळ्यांची डबी. सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे असलेली. तिन्ही कप्प्यांत मीठ.

मी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या बाजूला बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांच्या खिशातही तशाच डब्या होत्या. स्वयंपाकघराचा पडदा हलला की डब्या गायब, पडदा स्थिर झाला की डब्या बाहेर. मी नाटकवेडा माणूस आहे, गिरगावात वाढलो, पण इतक्या सफाईने केलेली प्रॉपर्टीची हलवाहलव मी रंगमंचावर कधी पाहिली नाही.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे मी तिथे काय करत होतो ते कळेल.

मोठ्या शहरांत कुठे खावं हे सांगणारं एक पुस्तक आम्ही काढतो. ऑफिसात त्याला नुसतं गाइड म्हणतात. कुठली खानावळ, कुठलं हॉटेल, कुठला कॅफे, तिथे काय मागवावं, काय मागवू नये. दादर, परळ, लालबाग हा भाग माझ्याकडे. लोकांना वाटतं हा माणूस मजेत जेवतो आणि पगार घेतो. बरोबर वाटतं. पण त्यालाही नियम आहेत. प्रत्येक ठिकाणी दोनदा जायचं, आणि दोन्ही वेळा न सांगता. याला आम्ही ब्लाइंड व्हिजिट म्हणतो. दोनदा का, तर कन्सिस्टन्सी बघायला. म्हणजे पहिल्या वेळी जे ताटात आलं तेच दुसऱ्या वेळी येतं का. एखाद्या दिवशी कोणीही चांगलं रांधतं. आमच्या धंद्यात प्रेम एका भेटीत होतं, पण लग्नाला दुसरी भेट लागते.

पहिल्या भेटीत माझं प्रेम झालं होतं. पावसाळ्याआधीची गोष्ट. त्या खानावळीला बाहेर नावाची पाटी नव्हती, आजही नाही. सगळे 'माईंची खानावळ' म्हणायचे. माई परब, मूळ कणकवलीकडच्या. ठेंगण्या, झपझप चालणाऱ्या, चष्मा कपाळावर, पदर खोचलेला. ताट वाढून झालं की शेजारी उभ्या राहायच्या, काही विचारायच्या नाहीत, नुसतं बघायच्या. त्या दिवशीचं तिखलं खाऊन मी ऑफिसात गेलो आणि असं काही लिहिलं की आमच्या संपादकांनी त्यातली निम्मी विशेषणं काढली. उरलेल्या निम्म्यांतही ती खानावळ 'लालबाग-परळ' विभागात पहिली आली. मग फोटोग्राफर गेला. फोटोग्राफर गेला की ब्लाइंड संपतं. माईंना कळलं की पुस्तकात त्यांचं नाव येणार. त्यांनी अख्ख्या चाळीला सांगितलं, डोंबिवलीच्या लेकीला सांगितलं, आणि नवऱ्याच्या फोटोला सांगितलं. दुसरी भेट नुसती नावाला उरली होती.

तर तो बुधवार. जेवण संपवून मी बाहेर आलो. उंच म्हातारे माझ्यामागून बाहेर पडले आणि पानपट्टीजवळ त्यांनी मला गाठलं. तावडे त्यांचं नाव. एकेकाळी मिलमध्ये साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. ते, शेजारचे गुरव आणि पेडणेकर हे या खानावळीचे शेवटचे मेंबर. मेंबर म्हणजे महिन्याचं जेवण बांधलेला माणूस. कधीकाळी या खोलीत मिलमधल्या पाळीच्या पाळ्या जेवून उठायच्या. आता दुपारी हे तिघे, आणि वाट चुकून आलेला कोणी.

"पायाला लागलं काय?" तावड्यांनी विचारलं.

लागलं होतं. मी नाही म्हणालो.

"लागलं तरी चालेल. मागितलं नाहीत, हे बरं केलंत."

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो. त्यांच्या शब्दांत सांगितलं तर मध्ये मध्ये गुरवांना घातलेल्या शिव्या पण द्याव्या लागतील.

माई स्वयंपाक करताना कधीच चाखत नाहीत. सासूने लावलेली शिस्त. पहिलं ताट वाढून पुढे ठेवल्याशिवाय भांड्यात बोट घालायचं नाही. माईंचा नवरा, दादा परब, असेपर्यंत ते पहिलं ताट दादांचं असायचं. दादा दाराशी बसायचे. ताट समोर आलं की एक घास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वाढा." मग पंगत सुरू. ती पाटी दादांनीच रंगवून घेतली होती. कोणा मेंबरने एकदा मीठ मागितलं, तेव्हा दादांना राग आला की मी खाऊन वाढा म्हटल्यावर तू कोण. पाटी उर्मट वाटते. खरं तर ती हमी होती.

दादा गेले. पहिलं ताट आता त्यांच्या फोटोपुढे जातं. फोटो काही बोलत नाही, पण बोलायची गरजही पडली नाही, कारण माईंचं नाक दादांच्या जिभेपेक्षा तयार होतं. उकळीच्या वासावरून त्या सांगायच्या की कशात काय कमी आहे. पावसाळ्यात त्यांना ताप आला. ताप उतरला. पण त्यानंतर एक दिवस तिखलं वरळीच्या समुद्राइतकं खारट, आणि दुसऱ्या दिवशी कशातच काही नाही. तिघे त्या खारट दिवशी इतकं पाणी प्यायले की माईंनी विचारलं, आज उकाडा आहे काय. त्यानंतर त्यांचा हातच आखडला. रोज अळणी.

"सांगितलं का नाही तुम्ही?" मी विचारलं.

तावड्यांनी पान तोंडात टाकलं आणि बराच वेळ ते चावलं.

"तुम्ही सांगाल?"

मी सांगितलं नाही. म्हणजे माईंनी मला विचारलंच नाही, पण विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. हॉटेलवाल्याला तोंडावर 'पनीर शिळं आहे' म्हणायला मला कधी लाज वाटलेली नाही. पण त्या खोलीत पाटीखाली बसून ते वाक्य जिभेवर येत नव्हतं.

"पुस्तकात मात्र छापा," तावडे म्हणाले. पुस्तकवाला मीच, हे त्यांनी केव्हाच ताडलं होतं. "तिला आता शंका येते. गिऱ्हाईक फिरकत नाही हे तिला दिसतं ना. तुमचं पुस्तक येणार ह्याच्यावर तिचं चाललंय सगळं. तुम्ही काढलंत तर तिला कळेल का काढलं."

म्हणजे प्रश्न असा होता. नाव छापलं तर पुस्तक खोटं. नाव काढलं तर माईंना कळणार की हात गेला. मी पान न खाताच तिथून निघालो.

ऑफिसात आमच्या संपादक रेवती मॅडम. शिवाजी पार्कात राहतात. वयाने माझ्या मुलीएवढ्या आणि धाकाने माझ्या आजीएवढ्या. लेआउट समोर उघडून बसल्या होत्या.

"दुसरी व्हिजिट?"

"झाली."

"कन्सिस्टन्सी?"

"मेंबरांची उत्तम."

"मानकर सर."

"मीठ नव्हतं," मी म्हणालो.

मग मी सगळी कथा सांगितली. तावड्यांचा आवाज काढला, माईंची चाल करून दाखवली, दादांचं डोळे मिटून 'वाढा' पण केलं. दोन शेजारचे लोक खुर्च्या वळवून ऐकायला बसले. रेवती मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांची ही एक वाईट सवय आहे. शेवटी म्हणाल्या की सर, लोक ठाण्याहून, बोरिवलीहून आपलं पुस्तक हातात धरून येतात, पोराबाळांना घेऊन. त्यांना काय लिहू, सोबत डबी आणावी?

पण नियमांत एक फट होती. दोन भेटींचे निकाल वेगळे असले तर तिसरी भेट संपादकांनी स्वतः करायची. मी ती फट दाखवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं, आणि पुढच्या आठवड्यातला शुक्रवार ठरला.

तिखलं शुक्रवारी असतं का हे विचारायला मी माईंना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "मॅडम पण येतत?" मी हो म्हणालो. मग म्हणाल्या की बांगडा ताजा मिळाला तर तिखलं, नाहीतर सुरमई, पण बांगडा मिळेलच, मी स्वतः बाजारात जाईन.

आता पुढचा जो भाग आहे तो मला नंतर तुकड्यातुकड्याने कळला. मी तो जोडून सांगतो.

शुक्रवारी माईंनी तिखलं केलं, भांडं उतरवून ठेवलं, आणि इस्त्रीचं लुगडं नेसायला आतल्या खोलीत गेल्या. तावडे बाहेर बसले होते. त्यांनी विचार केला की गुरव घाबरट आहे, पेडणेकर विसरभोळा आहे, जे करायचं ते मलाच करावं लागणार. पाणी पिण्याच्या निमित्ताने पडद्याआड गेले, डबी काढली आणि तिन्ही कप्पे भांड्यात रिकामे केले. ढवळलं. बाहेर येऊन बसले. चेहरा असा की जणू चाळीच्या सोसायटीची मीटिंग संपवून आलेत.

थोड्या वेळाने माई मॅडमना आणायला रस्त्यापर्यंत निघाल्या. टॅक्सीवाल्याला गल्ली सापडत नव्हती. आता गुरवांनी विचार केला. तावड्याच्या तोंडात फक्त बडबड, प्रत्यक्षात हा काही करायचा नाही. छत्री आत ठेवतो म्हणून गुरव उठले. पावसाचे दिवस संपून गेले होते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. गुरवांनी कागदाच्या पुडीत मीठ आणलं होतं. पुडी रिकामी.

पेडणेकर राहिले. पेडणेकरांना गॅसची काळजी. गॅस बंद आहे ना हे बघायला ते आत गेले. गॅस बंदच होता. शेजारी मिठाचा डबा होता.

तिघांपैकी कोणी दुसऱ्याला सांगितलं नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की हा गुन्हा आहे आणि तो आपल्या एकट्याच्या माथ्यावर असावा. ठीक आहे. पण मी तिघांनाही नंतर वेगवेगळं गाठून एकच विचारलं, बाबांनो, भांड्यात मीठ ओतलंत, मग एक थेंब जिभेवर ठेवून का पाहिला नाहीत? तिघांनीही माझ्याकडे जवळजवळ धक्का बसल्यासारखं पाहिलं. गुरव तर दुखावले.

"दादांचं ताट जायचं होतं अजून," ते म्हणाले.

चोरी करायची, पण पायताण बाहेर काढून.

मॅडम आणि मी आत आलो. माईंनी पहिलं ताट वाढलं, फोटोपुढे ठेवलं, हात जोडले. मग आमची ताटं आली. माई नेहमीसारख्या बाजूला उभ्या राहिल्या, पण आज त्यांचा चेहरा वेगळा होता. हलका होता. त्यांनी लुगड्याच्या काठाला हात पुसला आणि मॅडमना म्हणाल्या, जेवा बाय, गरम आहे तोवर.

मी पहिला घास घेतला. मी या धंद्यात खूप काही गिळलं आहे, त्यात चांगल्या भाषेत सांगता येणार नाही असंही आहे. पण तो घास घशाखाली उतरवायला मला अभिनयाचा सगळा अनुभव वापरावा लागला. समोर तावडे लाल झाले होते. गुरवांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पेडणेकर चावायचे थांबले होते. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी तिघांना कळलं.

रेवती मॅडमनी घास गिळला. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. त्यांचं मला तेव्हा कौतुक वाटलं, आजही वाटतं. दुसरा घास घेतला. मग पाण्याचा तांब्या उचलला. पेला भरला, संपवला. परत भरला.

माई बघत होत्या. त्या पेल्याकडे बघत होत्या.

"खारट झाला?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी पेला खाली ठेवला.

"आज तरी बरोबर पडूक होया होता," माई म्हणाल्या, आमच्याशी नाही, भांड्याशी बोलल्यासारखं. "चमच्यान मोजून घातलंय मी."

मग त्यांनी सांगितलं. अगदी साध्या आवाजात, मॅडमकडे बघून. तापापासून त्यांना वास येत नव्हता. जिभेला पण काही कळत नव्हतं. हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं. या रविवारी त्यांनी लेकीला बोलावून घेतलं, तिला शपथ घातली, दादांपुढे ताट ठेवलं आणि मग लेकीला एकेक घास चाखायला लावून माप बसवलं. इतक्या बांगड्यांना इतके चमचे. जन्मात पहिल्यांदा त्यांनी चमच्याने मीठ मोजलं होतं. आज सकाळी तेच माप घातलं. चमचा सपाट करून.

"तरी चुकला," त्या म्हणाल्या. "म्हंजे आता मापान पण जमणा नाय."

आता तावड्यांची पंचाईत बघा. गप्प बसले असते तर माईंनी असं धरलं असतं की मोजूनमापूनही आपल्याला येत नाही, संपलं सगळं. बोलले असते तर माईंना कळलं असतं की इतके महिने हे तिघे जाणून होते. दोन्हीकडून तीच बाई दुखावणार. मी त्यांच्याकडे बघत होतो. हात ताटातच होता, बोटं भातात रुतलेली.

"माई, तुझं बरोबर होतं," तावडे म्हणाले. "मी टाकलं मागून."

माई वळल्या.

"मी पण," गुरव म्हणाले. खाली बघून.

पेडणेकरांनी नुसता हात वर केला. शाळेत करतात तसा.

मला हसू फुटायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी, दुसऱ्या कुठल्याही खोलीत, मी हसून लोळलो असतो. तीन पिकलेले म्हातारे, एकामागून एक, ओळीने कबुली देत होते. पण माई हसत नव्हत्या. त्यांनी तावड्यांच्या खिशाकडे पाहिलं. डबीचा कोपरा बाहेर आला होता. मग गुरवांच्या खिशाकडे. मग पेडणेकरांच्या.

"म्हंजे तुमका कळत होता."

तावड्यांनी डबी खिशात आत ढकलली.

"कधीपासून?"

"गणपतीपासून," पेडणेकर म्हणाले. त्यांना अजून कोणी कधी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं.

माईंनी पदर सारखा केला. आवाज चढला नाही, उलट उतरला.

"मी जन्मात कोणाक उपकाराचा जेवान वाढूक नाय. आनि तुम्ही माझा उपकार म्हणान जेवलास."

त्या आत गेल्या. पडदा ओढला. आम्ही ताटं तशीच ठेवून उठलो. तावडे उठले नाहीत. त्यांनी ते ताट संपवलं. सगळं. मी दारात थांबून बघत होतो. रस्सासुद्धा त्यांनी पिऊन टाकला, आणि रिकामं ताट पडद्यापाशी नेऊन ठेवलं. आतून कोणी घेतलं नाही.

बाहेर टॅक्सी थांबवताना रेवती मॅडम म्हणाल्या, "एन्ट्री ड्रॉप, सर."

मी मान हलवली. टॅक्सीत बसल्यावर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की आपण जेवणाबद्दल लिहितो, आत जे झालं त्याला आपल्याकडे कॅटेगरी नाही.

त्या सोमवारी खानावळ उघडली नाही. मंगळवारीही नाही. काही दिवसांनी मी तिघांसोबत माईंना भेटायला गेलो. मला बोलावलं नव्हतं, पण तावडे म्हणाले की परका माणूस असला की ती फार बोलणार नाही. दार उघडंच होतं. टेबलं भिंतीला लावून ठेवली होती. पाटी पाण्याच्या पिंपाखाली टेकू म्हणून गेली होती. 'मागू' एवढंच बाहेर दिसत होतं.

माईंनी आम्हाला बसायला सांगितलं. रागावल्या नव्हत्या. लेक डोंबिवलीला बोलावते, जाते म्हणाल्या. तावड्यांनी बरंच काही पाठ करून आणलं होतं, त्यातलं एकही वाक्य त्यांना बोलता आलं नाही. ते गॅसच्या नळीबद्दल बोलत राहिले, ती बदलून घे म्हणून.

चहा आला. आम्ही घोट घेतला. साखर नव्हती.

तावडे लगेच म्हणाले, "मस्त." गुरवांनी मान डोलावली. पेडणेकरांनी दुसरा घोट घेतला, अगदी चवीने. मी पण घेतला. सवय लागायला वेळ लागत नाही.

माई आमच्याकडे बघत होत्या. मग उठल्या, फळीवरून साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं, आत चमचा ठेवला आणि डबा आमच्या मधोमध आणून ठेवला.

"घालूक नाय मी. मुद्दाम," त्या म्हणाल्या. "लागात तितकी घेवा."

तिघांपैकी कोणाचा हात पुढे होईना. आयुष्यभर त्या खोलीत कोणी स्वतःच्या हाताने काही घालून घेतलं नव्हतं. शेवटी माईंनीच एकेकाच्या कपात चमचा घातला, ढवळला आणि विचारलं, "पुरे?" तावडे हो म्हणाले. मग त्यांना चहा पुढे पिता येईना. कप हातात धरून बसून राहिले.

माई डोंबिवलीला गेल्या. लेक चांगली आहे, जावई चांगला आहे. फक्त लेक त्यांना गॅसजवळ जाऊ देत नाही, वास येत नाही ना, म्हणून. तिचं बरोबर आहे. तावडे कधीमधी फोन करतात. माई विचारतात, जेवलात काय. ते हो म्हणतात.

पुस्तक वेळेवर निघालं. माईंच्या जागी त्या विभागात पहिलं आलं ते एक नवीन कोस्टल रेस्टॉरंट, जुन्या मिलच्या कंपाउंडमधलं. मी दोनदा जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा तसंच, अगदी एका मापाने. धंद्याचा धडा म्हणून वाचकांना काही द्यायची पद्धत आहे, तर देतो. चोरून मीठ घालायचं असेल तर एकानेच घालावं, आणि आधी चाखून बघावं. यापेक्षा मोठं मला त्यातून काही शिकता आलेलं नाही.

पुस्तक निघाल्यावर त्या रेस्टॉरंटने आम्हाला जेवायला बोलावलं. सोबत पाहुणे आणा म्हणाले. मी तिघांना नेलं. तिघेही इस्त्रीचे शर्ट घालून आले. वेटरने कोपऱ्यातलं टेबल दाखवलं, तर तावडे तिथे बसायला तयार होईनात. ती आमच्या साचेखात्याची बाजू आहे, म्हणाले, कापूस उडतो, घसा धरतो. वेटरने वर एसीकडे पाहिलं आणि आम्हाला खिडकीजवळ बसवलं. टेबलावर काचेच्या दोन छोट्या बरण्या होत्या. एकीत मिरपूड. दुसऱ्या बरणीकडे तिघांनी पाहिलं आणि नजर फिरवली.

बांगडा आला. पांढऱ्या मोठ्या प्लेटमध्ये, मध्यभागी, वर कोथिंबिरीची एक काडी. इथे माई नव्हत्या, पाटी नव्हती, पडदा नव्हता. तरी मी पाहिलं, तावड्यांचा डावा हात खिशाकडे गेला. डबी निघाली. टेबलाखाली झाकण उघडल्याचा तो बारीक आवाज मी ओळखतो. डबी मांडीवर तयार ठेवून त्यांनी पहिला घास घेतला. चावला. थांबले. परत चावला. मांडीवरच्या डबीकडे पाहिलं, आणि सावकाश तिचं झाकण लावलं.

तेवढ्यात मॅनेजर आला. सूट घातलेला, हसतमुख. झुकून विचारलं की सर, सगळं ठीक आहे ना, काही कमी-जास्त.

तावड्यांनी वर पाहिलं. काहीतरी हरवलेला माणूस पोलीस चौकीत बोलतो तशा आवाजात, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं, ते म्हणाले,

"अहो, ह्यात मीठ बरोबर आहे."